निजलेल्या यंत्राला जाग कशी आणावी?



वसंतातील व्याख्यानांत संतवाङ्मय यावे, इतिहास यावा, फार तर अर्थकारण यावे, अशी आपली रीत आहे. तिथे यंत्राच्या झोपेसारखा विषय घेऊन आम्ही उभे आहोत, तेव्हा प्रथम क्षमा मागतो. आम्ही तिघे सहकारी मिळून लहान यंत्रांच्या पोटातले कार्यक्रम लिहिण्याचा उद्योग करतो. बोलण्याचे काम आज एकाकडे आले आहे. पण अनुभव तिघांचा असल्यामुळे ‘आम्ही’ असेच बोलू. त्यात मोठेपणाचा आव नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

आपल्या जिल्ह्यात शिर्डीला रात्री शेजारती होते आणि पहाटे काकडआरती होते. देवाला निजवण्याचा जसा विधी आहे, तसाच उठवण्याचाही आहे, आणि दोन्ही वेळा कोणी तरी माणूस जागा असावा लागतो. यंत्राचेही नेमके असेच आहे. निजवणे सोपे असते. उठवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अवघड असतो. आजचे सारे विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे.

यंत्राला झोप हवीच कशाला, असे कोणी विचारील. आपल्या प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल पाहा. त्याचा पडदा, त्याचा कॅमेरा, त्याचे रेडिओयंत्र ही सारी सदासर्वकाळ जागी राहिली, तर बॅटरी काही तासांत रिकामी होईल. म्हणून ज्या भागाला काम नाही त्याची वीज तोडायची किंवा अगदी कमी करायची, आणि काम येताच ती पुन्हा द्यायची, असा प्रघात आहे. हे काम ‘ड्रायव्हर’ नावाचा कार्यक्रम करतो. ड्रायव्हर म्हणजे त्या भागाचा मोतद्दार समजा. घोडा केव्हा बांधायचा, केव्हा सोडायचा, त्याच्या खोडी कोणत्या, हे मोतद्दाराला ठाऊक असते. स्वाराला ते ठाऊक असण्याची गरज नसते.

लायनक्स हा संगणकाचा मूळ कार्यक्रम जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला आणि सर्वांना वाचण्यास खुला आहे. लीनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ साली त्याचा आरंभ केला. संगणक चालू असतानाच त्याचे रिकामे भाग एकेक करून निजवण्याची पद्धतशीर व्यवस्था त्यात २००९ साली आली. हे काम मुख्यतः राफाएल विसोत्स्की या पोलिश गृहस्थांचे. तेव्हापासून मोतद्दारांना एक समान शिस्त मिळाली. परंतु शिस्त कागदावर असते आणि घोडा प्रत्यक्षात असतो.

एखादा भाग जागा होतो म्हणजे काय घडते? चार पायऱ्या असतात. पहिली, बाहेर काही घडले पाहिजे. कळ दाबली गेली, फोन आला, घड्याळाची वेळ भरली. दुसरी, त्या घटनेची खूण तारेवरून निघाली पाहिजे. तिसरी, ती खूण ऐकणारा कोणी तरी पलीकडे असला पाहिजे. आणि चौथी, उठल्यावर त्या भागाला आपण निजण्यापूर्वी काय करीत होतो हे आठवले पाहिजे. चारांपैकी एक पायरी निखळली की बिघाड झाला.

म्हणून बिघाडही चार तऱ्हांचे असतात. काही यंत्रे उठतच नाहीत. काही उशिरा उठतात. काही उठतात, पण स्मृती हरवून उठतात. आणि काही कोणी हाक मारली नसताना उठतात. बंद करून पिशवीत ठेवलेला संगणक तासाभराने काढावा तो तव्यासारखा तापलेला, हा अनुभव आपल्यापैकी कित्येकांनी घेतला असेल. झोपलेल्याला उठवता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही, असे आपण म्हणतो. यंत्र सोंग घेत नाही. दोष घडणीतला असतो, आणि घडण एकदा कारखान्यातून बाहेर पडली की ती बदलता येत नाही. बदलता येतो तो फक्त कार्यक्रम. तेव्हा लोखंडाच्या चुकीची भरपाई अक्षरांनी करावी लागते.

ती कशी करतात, याची दोन-तीन उदाहरणे देतो. यूएसबीच्या तारेने जोडलेल्या वस्तूला उठवताना निदान २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, खूण धरून ठेवावी असा नियम आहे. पण तेवढ्यात काही वस्तू धड उठत नाहीत असे आढळले. म्हणून लायनक्समध्ये ४० मिलिसेकंद खूण धरतात. आळशी मुलासाठी घंटा दुप्पट वेळ वाजवावी, तसेच हे. दुसरे उदाहरण. संगणकातील भागांना जोडणाऱ्या पीसीआय या मार्गावर निजलेला भाग ‘मला उठायचे आहे’ अशी खूण करू शकतो. परंतु कित्येक यंत्रांत ही खूण वाटेतच हरवते. तेव्हा लायनक्सने ज्यांच्या खुणेवर भरवसा नाही अशा भागांसाठी गस्त ठेवली आहे. दर सेकंदाला एकदा दारोदार जाऊन, ‘कोणी हात वर केला आहे काय?’ असे पाहिले जाते. तिसरे उदाहरण अगदी साधे आहे. यूएसबीच्या कित्येक वस्तू धड उठत नाहीत असा अनुभव आल्यामुळे, वाटणीपेट्या वगळता बाकीच्यांना आपोआप निजवूच नये, असा त्या कार्यक्रमाचा मूळचा पवित्रा आहे. कोणाला खात्री असेल त्याने निजवण्याची परवानगी स्वतः द्यावी.

म्हणजे उपाय तीन प्रकारचे झाले: हाक मोठी करणे, गस्त घालणे आणि निजूच न देणे. तिन्हींची किंमत विजेत मोजावी लागते. फुकटचा उपाय नाही.

येथवर ऐकून आपण म्हणाल, हे संगणकवाल्यांचे शास्त्र झाले; नगरच्या माणसाला त्याचे काय? आता तिकडेच येतो.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडे ऊस आहे. १९५० साली सुरू झालेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना साऱ्या देशाला ठाऊक आहे. उसाला पाणी लागते, पाण्याला पंप लागतो आणि पंपाला थ्री फेज वीज लागते. ही वीज शेतीला वर्षानुवर्षे पाळीने मिळत आली आहे. काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकऱ्याने बॅटरी आणि काठी घ्यायची आणि उभ्या उसातून विहिरीवर जायचे. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, अकोले या भागांत त्या उसात बिबट्या राहतो, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. शिवाय साप आहेत, चिखल आहे, ओला हात आणि उघडी तार आहे.

पंपाच्या स्टार्टरमध्ये मुळात एक शहाणपणाची योजना असते. वीज गेली की आतली कॉइल सुटते आणि वीज परत आली तरी मोटर आपण होऊन सुरू होत नाही. माणसाने बटण दाबावे लागते. विहिरीत कोणी उतरले असेल, तारेला कोणी हात लावला असेल, म्हणून ही सोय आहे. येथील नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत स्विचगिअर बनवणारा मोठा कारखाना आहे. तेथे आयुष्य घालवलेली मंडळी या सभेतही असतील, त्यांना हे आमच्यापेक्षा अधिक ठाऊक. पण रात्री बटण दाबायला जाणार कोण? म्हणून शेतकऱ्याने ‘ऑटोस्विच’ बसवला. वीज आली की मोटर आपोआप सुरू. झोपमोड टळली, बिबट्या टळला. मात्र एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठू लागल्या. मोटर उठताना चालू स्थितीच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. सगळ्यांनी एकदम सहापट ओढला की डीपी जळते, आणि मग साऱ्या वस्तीचे पाणी कित्येक दिवस बंद. म्हणून ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण पुन्हापुन्हा सांगत असते. सांगणे बरोबर आहे. पण ज्याने ऑटोस्विच काढला, त्याची रात्रीची वाट कोणी चालायची, याचे उत्तर त्यात नाही.

या अडचणीतून मोबाइलवर चालणारा स्टार्टर निघाला. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे उपकरण या बाबतीत अग्रेसर होय. शेतकऱ्याने घरून फोन करायचा किंवा निरोप पाठवायचा, आणि विहिरीवरच्या पेटीने मोटर चालू करायची. पुढे अशा पेट्या अनेकांनी केल्या. त्यांपैकी एका पेटीचा आतला कार्यक्रम लिहिण्याचे काम काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले.

वीज नसते तेव्हा ही पेटी लहानशा बॅटरीवर जगते. म्हणून तिचा मुख्य भाग बहुतेक वेळ निजलेला असतो. निरोप आला की पेटीतला मोडेम एका तारेवर खूण करतो, आणि मुख्य भाग जागा होऊन निरोप वाचतो. आमच्या टेबलावर सारे उत्तम चालले. शंभर-सव्वाशे पेट्या वस्त्यावस्त्यांवर बसल्या. आम्ही पेढे वाटले.

मग एका सकाळी राहुरी तालुक्यातील एका वस्तीवरून फोन आला. बोलणारी घरातली सून होती. ती म्हणाली, “साहेब, तुमची पेटी रात्री उठलीच नाही. चारदा निरोप धाडला. मग नाना उठून विहिरीवर गेले, दोन वाजता. ऊस उभा आहे, तुम्हाला माहीत आहे ना?” नाना सुखरूप परतले होते. पण त्या बाईने आवाज न चढवता विचारलेला तो प्रश्न आम्हाला फार लागला. आम्ही पेटी दिली नसती, तर नाना सोबतीला कोणाला तरी घेऊन गेले असते. पेटीवर विसंबले म्हणून ते एकटे गेले.

आम्ही पेट्या टेबलावर मांडून आठ रात्री जागलो. दोष सापडला. पेट्यांच्या एका खेपेतील मोडेम, बॅटरी थोडी उतरली की, खूण इतकी अल्पकाळ करीत की निजलेल्या मुख्य भागाला ती ऐकूच येत नसे. हाक मारली जात होती. पण तोंडातल्या तोंडात. ज्यांनी तो भाग बनवला त्यांना आम्ही लिहिले. पुढच्या आवृत्तीत सुधारणा होईल, असे सभ्य उत्तर आले. पुढची आवृत्ती पुढच्या गिऱ्हाइकासाठी असते. नानांच्या विहिरीवर बसली होती ती मागची.

तेव्हा आम्ही गस्तीचा मार्ग धरला. मुख्य भागाने खुणेची वाट न पाहता आपल्या घड्याळाने दर मिनिटाला उठावे, मोडेमला ‘काही निरोप आहे काय?’ असे विचारावे आणि पुन्हा निजावे. हिशेब केला. जागेपणी ३० मिलिअँपिअर प्रवाह, तो सेकंदाचा पाचवा हिस्सा, मिनिटातून एकदा. म्हणजे सरासरी एक दशांश मिलिअँपिअर. सोळा तास वीज नसली तरी या गस्तीला बॅटरीतून १.६ मिलिअँपिअर-तास एवढेच लागते. हे परवडणारे होते. मोडेमने लागोपाठ तीनदा उत्तर दिले नाही, तर त्याची वीज तोडून त्याला नव्याने सुरू करावे, ही दुसरी तजवीज केली. मग मोटारसायकलवर वस्तीवस्तीला जाऊन पेट्यांतला कार्यक्रम बदलू लागलो. आरंभ अर्थातच नानांपासून केला.

नानांनी सारे ऐकून घेतले. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. ते म्हणाले, “म्हणजे ती आता उशिरा का होईना, उठणार. बरं. पण त्या रात्री मी चार निरोप धाडले आणि मग स्वतः विहिरीवर गेलो. फ्यूज काढून हात घातला होता आत. तेवढ्यात तुमची पेटी उठली असती आणि माझाच शिळा हुकूम तिने पाळला असता तर?”

श्रोतेहो, आम्हा तिघांपैकी कोणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. आठ रात्री आम्ही एकाच प्रश्नाचा विचार केला होता: पेटी उठत कशी नाही? ती उठल्यावर काय करील, आणि त्या वेळी माणूस कोठे असेल, हे आमच्या मनातही आले नव्हते. गस्तीने आम्ही न उठण्याचा दोष झाकला होता, आणि त्याच्या जागी अवेळी उठण्याचा दोष निर्माण केला होता. पहिल्या दोषाने पाणी चुकते. दुसऱ्याने माणूस दगावतो.

त्या दिवशी आम्ही एकाही पेटीला हात न लावता परत आलो. नंतर केलेली दुरुस्ती अशी. प्रत्येक निरोपावर तो पाठवल्याची वेळ मोबाइलचे जाळे लावते. ‘चालू’चा निरोप दहा मिनिटांहून जुना असेल, तर पेटीने मोटर चालू करू नये, उलट निरोप पाठवावा की, हुकूम उशिरा मिळाला, हवा असल्यास पुन्हा द्या. ‘बंद’चा हुकूम मात्र कितीही शिळा असो, पाळावा; कारण मोटर बंद राहण्याने जीव जात नाही. आणि मोटर चालू करण्यापूर्वी अर्धा मिनिट भोंगा वाजवावा, म्हणजे जवळ कोणी असेल तर तो हात काढून घेईल. शिवाय वीज आल्यावर साऱ्या पेट्या एकदम न उठता प्रत्येकीने वेगवेगळा विलंब धरावा, म्हणजे डीपीवर भार येणार नाही. फ्यूज काढलेला असला तरी मुख्य स्विच पाडल्यावाचून आत हात घालू नये, हेही आम्ही प्रत्येक वस्तीवर बजावले. कारण कार्यक्रम कितीही चांगला असला, तरी तो मुख्य स्विचची जागा घेऊ शकत नाही.

या अनुभवातून आम्ही जे शिकलो ते दोन-तीन वाक्यांत सांगता येईल. झाकलेला दोष नाहीसा होत नाही. तो जागा बदलतो. तेव्हा उपाय करताना प्रथम विचारावे, की दोष आता कोठे जाऊन बसला? आणि जाग येणे व काम सुरू करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. संशय असेल तेव्हा यंत्राने जागे व्हावे, पण हात उचलू नये.

आणखी एक गोष्ट लायनक्सच्या मंडळींकडून घेण्यासारखी आहे. कोणत्या कारखान्याच्या कोणत्या क्रमांकाच्या वस्तूत कोणती खोड आहे आणि तिच्यावर कोणता उतारा लावला, याची यादी ते उघडपणे ठेवतात. ती कोणीही वाचावी. त्यात कोणाची निंदा नसते. पुढच्या माणसाने अजाणतेपणी तो उतारा काढून टाकू नये, एवढाच हेतू असतो. आम्हीही आता कार्यक्रमात प्रत्येक ठिगळाशेजारी लिहून ठेवतो, की हे का केले, कोणत्या खेपेसाठी केले आणि केव्हा काढता येईल. त्या दहा मिनिटांच्या नियमाशेजारी नानांचे म्हणणे आम्ही मराठीतच लिहिले आहे.

ही अडचण आमच्यासारख्या लहान माणसांचीच आहे असे मात्र नाही. युरोपचे रोझेटा हे यान जून २०११ मध्ये निजवले गेले ते थेट २० जानेवारी २०१४ रोजी आपल्याच घड्याळाने उठायचे होते. त्या संध्याकाळी साडेपाचपासून, ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे, शास्त्रज्ञ वाट पाहत बसले. खूण आली ती सहा वाजून अठरा मिनिटांनी. एकतीस महिन्यांच्या झोपेनंतरची ती अठ्ठेचाळीस मिनिटे त्यांना कशी गेली असतील! आपल्या चंद्रयान-३ चा विक्रम २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरला. सप्टेंबरच्या आरंभी, चंद्रावर रात्र पडण्यापूर्वी, त्याला व प्रज्ञानला निजवण्यात आले. त्यांची योजना मुळात एकाच चांद्रदिवसाची, म्हणजे आपल्या सुमारे चौदा दिवसांची होती, आणि ते काम त्यांनी पुरे केले. तरीही २२ सप्टेंबरला इस्रोने त्यांना हाक मारून पाहिली. उत्तर आले नाही. जे निजवताना उठवण्याची आशा ठेवावी, पण तिच्यावर योजना उभारू नये, असा धडा त्यात आहे.

शेवटी एक कबुली दिली पाहिजे. आमची पेटी हाही एक उताराच आहे. मूळ दुखणे हे की शेतकऱ्याला वीज रात्री मिळते. सूर्याच्या विजेवर शेतीच्या वाहिन्या दिवसा चालवण्याची योजना महाराष्ट्रात २०१७ पासून सुरू झाली आणि तिच्या आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक आपल्याच पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला झाला. ज्या दिवशी प्रत्येक वस्तीला दिवसा पुरेशी वीज मिळेल, त्या दिवशी नानांना रात्री उठावे लागणार नाही, आणि त्यांच्या पेटीलाही नाही. त्या दिवशी आमचा धंदा थोडा कमी होईल. त्याचे आम्हाला दुःख नाही. तोपर्यंत मात्र ठिगळ लावावेच लागेल, आणि ते लावताना विहिरीवर कोण उभे आहे, हे विसरून चालणार नाही.

यंत्र उठले नाही तर दोष कोणाचा, असे आम्हाला पुष्कळदा विचारतात. दोष घडवणाऱ्याचा असेल. पण ज्याने त्याला निजवले, त्याच्यावर ते उठेपर्यंत जागे राहण्याची जबाबदारी असते.